लसूण कच्चा खावा की फोडणीत? स्टेंट असलेल्या सासऱ्यांसाठी विचारतेय

निशिगंध_ठाणे:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते. माझे सासरे सत्तरीचे आहेत, मागच्या वर्षी स्टेंट बसलाय, तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, शिवाय बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी. हल्ली त्यांना व्हॉट्सॲपवर कुणीतरी लसणाचे व्हिडिओ पाठवतंय आणि ते बघून सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी चार-पाच पाकळ्या अख्ख्या पाण्याबरोबर गिळतात. इथपर्यंत मी काही बोलले नाही, पण परवा म्हणाले की महिनाभर बघतो आणि मग बीपीची गोळी सोडतो, लसूण आहेच की. तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप झालाय. त्यात ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय असंही दोनदा म्हणाले. ते चिडतात, "तुम्हा लोकांना गोळ्यांवरच विश्वास" असं ऐकवतात, मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, त्यांना नीट कारण देऊन सांगायचंय.

दुसरं म्हणजे स्वयंपाकात लसूण वापरला तर त्यातलं चांगलं काही उरतं का, की तेलात पडला की सगळं गेलं? तसं असेल तर मी रोजच्या जेवणातच असा घालीन की त्यांना वेगळा गिळायची गरज वाटणार नाही. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, त्यांची फोडणी मी हिंगाची वेगळी करते, तो प्रश्न नाही.

आणि तिसरं, मी रविवारी लसूण सोलून मिक्सरला फिरवते, बाटलीत भरून वर तेल ओतून ठेवते, आठवडाभर ओट्यावरच असते ती बाटली. ते चालतं ना?

गोळी_चूर्ण:
ताई, मी फार्मसिस्ट आहे, माझ्या काउंटरवर हा विषय रोज येतो म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हिरड्यांचं. दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या, त्यात वर रोज एवढा कच्चा लसूण, आणि रक्त येतंय, हे ऐकल्यावर हृदयाच्या डॉक्टरांना या आठवड्यातच फोन करा. लसणातले गंधकाचे घटक प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या कणांना) एकमेकांना चिकटू देत नाहीत, गोळ्याही तेच काम करतात, त्यामुळे दोन्हीचा परिणाम एकावर एक चढू शकतो. भाजी-आमटीत जेवढा लसूण पडतो त्याने सहसा काही होत नाही, प्रश्न येतो तो औषधासारखा रोज मोठ्या डोसमध्ये कच्चा किंवा कॅप्सूलने घेतला की. दात काढायचा असेल किंवा कुठलं ऑपरेशन ठरलं असेल तर लसणाचं हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायचं, कॅप्सूल तर निदान आठवडाभर आधी थांबवायला लावतात. पण एक गोष्ट मात्र अगदी पक्की लक्षात ठेवा, रक्त येतंय म्हणून घाबरून ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घरच्या घरी बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर थेट हार्ट अटॅक. बंद करायचाच तर तो कच्चा लसूण.

आता त्यांना पटेल असं कारण. पाकळी अख्खी असते तेव्हा तिच्यात ॲलिसिन नसतंच. एका कप्प्यात ॲलिन नावाचा पदार्थ आणि दुसऱ्या कप्प्यात एक एन्झाइम असं वेगवेगळं असतं, पाकळी ठेचली, चिरली किंवा चावली की दोघं एकत्र येतात आणि मग ॲलिसिन तयार होतं, लसणाचा तो नाकात जाणारा वास तेव्हाच येतो. हे ॲलिसिन 1944 साली अमेरिकेत कॅव्हालिटो आणि बेली या दोघांनी वेगळं करून दाखवलं. बरं, तो एन्झाइम पोटातल्या ॲसिडमध्ये निकामी होतो. म्हणजे बाबा जी पाकळी न चावता गिळतात तिच्यातून ॲलिसिन फारसं तयारच होत नाही. व्हिडिओवाल्यांनी हे सांगितलेलं नसतं.

बीपीचं म्हणाल तर लसणाचा उपयोग होतो, ते खोटं नाही. ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं आहे अशा लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा वरचा आकडा सरासरी 8 च्या आसपास उतरलेला दिसला. पण त्यातल्या बहुतेक चाचण्या छोट्या होत्या, आणि ठराविक मापाची पावडर नाहीतर अर्काच्या कॅप्सूल देऊन केलेल्या होत्या, त्यावरून घरातल्या पाकळ्यांचा हिशोब लावता येत नाही. कोलेस्टेरॉलवर तर स्टॅनफर्डला झालेली 2007 ची चाचणी चांगली आहे, 192 लोकांना 6 महिने कुणाला कच्चा लसूण, कुणाला दोन प्रकारच्या लसूण गोळ्या, कुणाला नुसतीच खोटी गोळी असं दिलं, आणि शेवटी वाईट कोलेस्टेरॉलमध्ये कुठल्याच गटात म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा बाबांना सांगा की लसूण जेवणात भरपूर खा, मजेत खा, पण गोळीच्या जागी तो बसत नाही. घरी बीपीचं मशीन असेल तर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहायला सांगा, त्यांचं त्यांना दिसेल आणि डॉक्टरांनाही ती वही कामाला येईल.

पाटा_वरवंटा (कोल्हापूर):
ताई, औषधाचं वरच्या दादांनी सांगितलंच, मी स्वयंपाकाचं सांगते कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, लोक लसणाची फार वाट लावतात आणि मग म्हणतात वास येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ठेचा आणि थांबा. लसूण ठेचून नाहीतर बारीक चिरून ताटलीत दहाएक मिनिटं तसाच पडू द्यायचा आणि मग तेलात घालायचा. तो एन्झाइम गरम झाला की मरतो, पण थांबलं तर तोवर त्याने आपलं काम केलेलं असतं, मग शिजवूनही काही ना काही उरतं. अख्खी पाकळी तशीच कुकरला लावली किंवा ठेचल्या ठेचल्या कढईत टाकली तर ते होत नाही. मी तर कांदा चिरायच्या आधीच लसूण ठेचून बाजूला ठेवते, बाकीची तयारी होईपर्यंत त्याची वेळ भरते, वेगळं थांबावं लागत नाही.

फोडणीत लसूण कधी घालायचा हे पण नीट बघा. तेल कडकडीत तापवून मोहरी तडतडली की गॅस बारीक करायचा, जिरं, आणि मग लसूण. कडा सोनेरी झाल्या की लगेच पुढचं घालायचं, कढीपत्ता, हळद, जे असेल ते. पूर्ण तांबूस व्हायची वाट बघू नका कारण गॅस बंद केल्यावरही तेलाच्या उष्णतेवर तो पुढे जातच असतो. करपला की कडू, आणि तो कडूपणा मग गूळ घालून पण झाकत नाही, ते तेल फेकून नवी फोडणी करायची. पिठल्याला लसूण जरा जास्त लाल चालतो, साध्या वरणाला अजिबात नाही.

कच्च्या लसणाची आवड असेल तर आपल्याकडे गिळायची काय गरज आहे हो, चटण्या कशासाठी आहेत. सुकं खोबरं किसून मंद भाजायचं, पूर्ण गार करायचं, मग लसूण, मीठ, लाल तिखट घालून खलबत्त्यात कुटायचं. गरम खोबऱ्यात लसूण घातला की खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो आणि लसणाचा तो ताजा झणका जातो. ज्वारीच्या भाकरीबरोबर चमचाभर खाल्ली की पोटात अन्नाबरोबर जाते, उपाशीपोटी जळजळ नाही. खर्डा करायचा तर हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलावर तव्यातच परतायचा, खडे मीठ घालायचं आणि तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचा, मिक्सरला लावला की ती पेस्ट होते, खर्डा नाही. फक्त बीपी आहे तर मीठ-मिरची बेतानं घाला, चटणीतलं मीठ कुणी मोजत नाही.

खाडीकाठ:
आमच्याकडे माशाच्या कालवणाला लसूण सोलत नाहीत, सालासकट ठेचून फोडणीत टाकतात. सालामुळे पाकळी लगेच करपत नाही आणि रश्शाला एक वेगळाच खमंग वास येतो. बांगडा, बोंबील, सुकी सोडे-बटाटा सगळ्याला हेच, वर कोकम. कोळीवाड्यातल्या कुठल्याही घरात जाऊन बघा. आणि सोलकढीत मिरचीबरोबर दोन पाकळ्या कच्च्याच वाटून घालतो, शिजवायचा प्रश्नच नाही, उन्हाळ्यात जेवणाच्या शेवटी वाटीभर प्यायली की आत्मा थंड. सासऱ्यांना ती आवडेल बघा, मासे खात नसतील तरी सोलकढी चालेल.

उसगावकर:
निशिगंध, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलेलं दिसत नाहीये आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतोय. ती ओट्यावरची बाटली कृपा करून वापरू नका, आत्ता जी आहे ती आज फेकून द्या आणि वास घेऊन किंवा चाखून बघत बसू नका.

कारण सांगतो. लसूण जमिनीत वाढतो, मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते पाकळीला चिकटून येतात. हवेत ते काही करत नाहीत. पण त्यावर तेल ओतलं की हवा बंद, लसणात पुरेसा आंबटपणा नाही, ओलावा आहे, स्वयंपाकघरात ऊब आहे, म्हणजे त्यांना जे जे लागतं ते सगळं मिळालं, मग ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष मज्जातंतूंवर जातं, आधी दोन-दोन दिसायला लागतं, पापण्या जड होतात, बोलणं-गिळणं अवघड होतं आणि पुढे श्वासाचे स्नायू बंद पडतात. चवीला, वासाला, रंगाला काही कळत नाही. 1985 साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवलेला वापरला गेला आणि तीसहून जास्त लोक आजारी पडले. 1989 ला न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तसंच झालं, त्यानंतर इथे अमेरिकेत एफडीएने (अन्न-औषध खात्याने) कंपन्यांना सक्ती केली की तेलातल्या लसणात ॲसिड घालायलाच हवं. दुकानातल्या आलं-लसूण पेस्टच्या लेबलवर म्हणूनच सायट्रिक ॲसिड वगैरे लिहिलेलं दिसतं, आपण घरी ते घालत नाही.

असं होणं विरळा आहे हे खरं, पण घरात वयस्कर माणूस आहे आणि टाळायला काहीच खर्च नाही. पेस्ट करायची तर फ्रीजमध्ये ठेवा आणि तेलात असेल तर चार दिवसांत संपवा. जास्त दिवसांची हवी असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझर, गोठल्यावर ठोकळे काढून पिशवीत. मी तसंच करतो, भाजीला एक ठोकळा थेट कढईत.

निशिगंध_ठाणे:
उसगावकर, खूप खूप धन्यवाद, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत अशा बाटल्या आहेत, मी ग्रुपवर टाकतेय. डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी कच्चा लसूण बंद करायला सांगितलाय आणि सोमवारी तपासायला बोलावलंय. बाबांना ते "पोटात जाऊन निकामी होतं" हे मात्र एकदम पटलं, म्हणाले मग गिळून काय उपयोग.

एक विचारायचं राहिलं, बाजारात तो गावठी लसूण म्हणून बारीक पाकळ्यांचा मिळतो तोच घ्यायचा का? सोलताना जीव जातो. आणि कोंब आलेला वापरावा का?

रब्बी_हंगाम (जुन्नर):
ताई, आम्ही लसूण लावतो म्हणून सांगतो. बारीक पाकळीचा गावठी तिखट असतो, वास उग्र, चटणीला अन् मसाल्याला तोच चांगला. मोठ्या पाकळीचा सोलायला सोपा, रोजच्या भाजीला काही हरकत नाही, त्याच्या दोन पाकळ्या जास्त घाला. मोठी पाकळी दिसली की लोक चायना म्हणतात पण तसं नसतं, चीनचा लसूण आणायला आपल्याकडं 2014 पासून बंदी आहे, चोरून येतो तो वेगळा. आपल्याकडं मध्य प्रदेशातून मंदसौर-नीमच भागातून खूप माल येतो. राहुरी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता या जाती, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राची भीमा पर्पल, असे आपले चांगले वाण आहेत, जांभळट सालाचा दिसला की तो घेऊन बघा.

आमच्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरला लावण, फेब्रुवारी-मार्चला काढणी. वर्षाचा घ्यायचा तर मार्च-एप्रिलला पूर्ण वाळलेला, मान सुकलेली, दाबून घट्ट लागणारा गड्डा घ्या. पातीसकट जुडी मिळाली तर उत्तम, हवेशीर सावलीत टांगून ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत अन् फ्रीजमध्ये अख्खा गड्डा ठेवू नका, दमट होतो, बाहेर काढला की कोंब फुटतो. कोंब आलेला खायला काही वाईट नाही, मधला हिरवा कोंब थोडा कडवट लागतो, काढून टाका. काळी बुरशी किंवा पिवळं पाणी सुटलेली पाकळी मात्र टाकायची. 2024 ला किलोला चारशेच्या वर गेला होता तेव्हा लोकांनी सडका पण वापरला, तसं नका करू.

साधं_वरण:
मी वेगळ्या बाजूने लिहिते. मला आयबीएस (आतड्यांचा वारंवार होणारा त्रास) आहे आणि लसूण खाल्ला की पोट फुगून ढोल होतं. डाएटिशियनने सांगितलं की लसणात फ्रुक्टॅन नावाची साखरेची साखळी असते, काहींना ती पचत नाही, पण ती तेलात उतरत नाही. त्यामुळे मी अख्ख्या पाकळ्या तेलात मंद परतते आणि काढून टाकते, मग त्याच तेलात फोडणी करते, वास पूर्ण येतो आणि त्रास होत नाही. हे फक्त तेलातच, आमटीत पाकळ्या उकळून काढल्या तर चालत नाही कारण पाण्यात ते उतरतं. आणि हे तेल लगेच वापरायचं, साठवायचं नाही, वर उसगावकरांनी लिहिलंय तेच. लसूण सगळ्यांनाच मानवतो असं नाही, ज्यांना खाल्ल्यावर छातीत जळजळतं त्यांनी "गुणकारी आहे" म्हणून रेटू नये असं मला मनापासून वाटतं.

गोळी_चूर्ण:
साधं_वरण यांच्या पोस्टला जोडून, दात दुखतो म्हणून कच्चा लसूण हिरडीवर दाबून ठेवणं किंवा गुडघ्याला, चामखिळीला पट्टीत बांधून ठेवणं हे करू नका. कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि मधुमेह असलेल्यांना पायाला बांधलेलं कळतच नाही. वयस्कर माणसांना हे उपाय जास्त सुचवले जातात म्हणून लिहिलं.

मीठभाकर:
सगळं वाचलं, फार छान माहिती मिळतेय. माझा एक प्रश्न, लसणाचं लोणचं घातलं लिंबाच्या रसात, दुसऱ्याच दिवशी पाकळ्या हिरव्या-निळ्या पडल्या. आई म्हणते टाकून दे, विषारी झालं. खरंच टाकू का? मागच्या वर्षी असं झालं नव्हतं.

पाटा_वरवंटा (कोल्हापूर):
नको, टाकू नका, तो रंग बुरशीचा नाही. लसणातले गंधकाचे घटक आंबटात गेले की त्यांचा असा रंग तयार होतो, खायला काही धोका नाही. उत्तर चीनमध्ये तर मुद्दाम व्हिनेगरमध्ये घालून हिरवागार लाबा लसूण करतात, थंडीत खातात. थंडीत साठवलेला लसूण जास्त हिरवा होतो, तुमचा यंदाचा कदाचित तसाच आला असेल. पुढच्या वेळी रंग नको असेल तर पाकळ्या लिंबात घालायच्या आधी तेलावर मंद आचेवर मऊसर होईपर्यंत परता, नाहीतर उकळत्या पाण्यातून काढून कापडावर कोरड्या करा, मग लिंबाचा रस, मीठ, लोणच्याचा मसाला. आणि लिंबाचा रस पाकळ्या बुडतील एवढा हवा, वर नुसतं तेल नको, आंबट आहे म्हणूनच लोणचं टिकतं. बुरशी ओळखायची तर वर पांढरा-करडा लव आलेला थर दिसतो किंवा कुबट वास येतो, तसं असेल तर बरणी रिकामी करा. नुसता हिरवा रंग असेल तर आईंना दाखवून त्यांच्यासमोर तुम्ही आधी एक पाकळी खा.